राज्य आणि शासन : वर्गीकरणाच्या अध्यापनातील एक अडचण

राज्यशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास राज्याचे व शासनाचे प्रकार विचारले असता तो सहसा एक यादी सांगतो : राजेशाही, लोकशाही, हुकूमशाही, प्रजासत्ताक, संघराज्य, भांडवलशाही. ह्यांतील प्रत्येक शब्द त्याच्या परिचयाचा असतो. परंतु हे सारे शब्द एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आलेली नसते. प्रजासत्ताक हा शब्द राज्यप्रमुखाच्या पदासंबंधी आहे, संघराज्य हा सत्तेच्या प्रादेशिक वाटणीसंबंधी आहे, तर भांडवलशाही हा शासनाचा प्रकारच नव्हे. ती अर्थव्यवस्था होय. पदव्युत्तर वर्गापर्यंत हा घोटाळा पुष्कळदा नाहीसा न होता केवळ झाकला जातो, आणि तोच विद्यार्थी पुढे अध्यापक झाला म्हणजे तो पुढील पिढीच्या हाती जातो.

घोटाळ्याचे एक कारण भाषेत आहे. मराठीत 'राज्य' हा शब्द निदान तीन अर्थांनी चालतो. 'इंग्रजांचे राज्य' म्हणजे अंमल. 'महाराष्ट्र राज्य' म्हणजे संघाचा घटक. आणि 'राज्यशास्त्र' ह्या शब्दात अभिप्रेत आहे ती सार्वभौम राज्यसंस्था. भारतीय संविधानातही मूळ इंग्रजी शब्द असाच दुहेरी आहे : पहिल्या अनुच्छेदात तो घटकांसाठी येतो, तर बाराव्या अनुच्छेदात केंद्र व घटकराज्ये यांची शासने व विधिमंडळे आणि स्थानिक प्राधिकरणे ह्या सर्वांना तो सामावून घेतो. 'सरकार' हे एके काळी संस्थानिकाला उद्देशून वापरण्याचे संबोधन होते. म्हणजे व्यक्ती आणि संस्था ह्यांचा भेद त्या शब्दात मुळातच पुसट होता. 'शाही' हा फारसी प्रत्यय तर निजामशाही, आदिलशाही अशा राजघराण्यांच्या सत्तेवरून मराठीत रुळला. पुढे तोच लोकशाहीला जोडला गेला आणि नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही हे शब्दही त्याच साच्यातून निघाले. प्रत्यय एक असल्यामुळे ह्या सर्व एकाच जातीच्या वस्तू आहेत, असा विद्यार्थ्याचा सहज समज होतो.

शास्त्राच्या परंपरेत मात्र हा भेद जुना आहे. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. ह्यांत स्वामी हे प्रमुख अंग असले तरी ते अंगच आहे, संपूर्ण शरीर नव्हे. आधुनिक विवेचनात लोकसंख्या, भूप्रदेश, शासन व सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक मानले जातात. तेथेही शासन चारांपैकी एक. ॲरिस्टॉटलने वर्गीकरणासाठी दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले : सत्ता एकाच्या, थोड्यांच्या की अनेकांच्या हाती आहे, आणि ती सर्वांच्या हितासाठी वापरली जाते की सत्ताधाऱ्यांच्याच. ह्या दोन प्रश्नांच्या छेदातून त्याचे सहा प्रकार निघतात. त्याची यादी आज जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. पण प्रश्न वेगळे ठेवण्याची त्याची पद्धती अद्यापि अनुकरणीय आहे.

तिला अनुसरून आज चार प्रश्न क्रमाने विचारता येतील. पहिला : हा समाज सार्वभौम राज्य आहे काय? दुसरा : राज्यप्रमुखाचे पद वंशपरंपरेने मिळते की निवडणुकीने? तिसरा : कार्यकारी सत्ता कोणास जबाबदार आहे? चौथा : सत्ता एका केंद्राकडे आहे की केंद्र व घटक ह्यांत संविधानाने विभागलेली आहे? पहिला प्रश्न राज्याच्या अस्तित्वाचा आहे. उरलेले तीन त्याच्या व शासनाच्या रूपाचे आहेत. ब्रिटनमध्ये राजपद वंशपरंपरागत असून मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार आहे. कॅनडात तोच राजा राज्यप्रमुख आहे, मंत्रिमंडळही तसेच जबाबदार आहे, परंतु राज्याची रचना संघीय आहे. अमेरिकेत राजा नाही, संघ आहे, आणि अध्यक्षाचे पद काँग्रेसच्या विश्वासावर अवलंबून नाही. राजेशाही आणि लोकशाही परस्परविरोधी असल्याचे पाठ केलेल्या विद्यार्थ्यास ब्रिटन व कॅनडा ही उदाहरणे अडचणीची वाटतात. प्रश्न वेगळे केले की अडचण उरत नाही.

तथापि परदेशांच्या उदाहरणांहून महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास मराठवाड्याचे उदाहरण अधिक बोधप्रद ठरावे. परभणी किंवा नांदेड भागातील एखाद्या खेड्याची कल्पना करावी. १९४७ पर्यंत ते निजामाच्या संस्थानात होते. तेथे वंशपरंपरागत राजपद होते आणि मंत्री निजामाला जबाबदार होते. तरीही संस्थान सार्वभौम नव्हते, कारण त्यावर ब्रिटिशांची अधिसत्ता होती. १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग ह्यांनी निजामाला पाठविलेल्या पत्रात ही गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली होती. ऑगस्ट १९४७ मध्ये अधिसत्ता संपली आणि निजामाने स्वातंत्र्याचा दावा केला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो दावा संपुष्टात आला आणि कारभार लष्करी राज्यपालाकडे गेला. निजामाचे पद मात्र कायम राहिले. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला, हैदराबाद त्याचा एक घटक ठरला आणि निजाम त्या घटकाचा राजप्रमुख झाला. मुख्यमंत्री त्या वेळी केंद्राने नेमलेला होता. सार्वत्रिक निवडणुकीनंतर मार्च १९५२ मध्ये विधानसभेला जबाबदार असे मंत्रिमंडळ तेथे प्रथमच आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबादचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि राजप्रमुखाचे पदही रद्द झाले. १ मे १९६० रोजी तेच खेडे महाराष्ट्र राज्यात गेले.

तेरा वर्षांत खेड्याने जागा सोडली नाही. पण वरील चारही प्रश्नांची उत्तरे बदलली, आणि ती सर्व एकाच दिवशी बदलली नाहीत. विशेषतः १९५० ते १९५६ हा काळ विद्यार्थ्यापुढे अवश्य ठेवावा. तीच व्यक्ती, तेच घराणे. पण आधीच्या निजामाची सत्ता राजाची होती, नंतरच्या राजप्रमुखाची प्रजासत्ताकाच्या संविधानाने दिलेली होती. १९५० ते १९५२ ह्या दोन वर्षांत तर प्रजासत्ताक होते, पण ह्या घटकात जबाबदार शासन नव्हते. ज्याने केवळ यादी पाठ केली आहे, त्याला ह्या दोन वर्षांना नाव देता येणार नाही.

हा भेद परीक्षेपुरता नाही. राज्य आणि शासन एकच मानले की शासनावरील टीका हा राज्याचा द्रोह ठरतो. 'राजद्रोह' ह्या मराठी शब्दातच ती एकरूपता आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची ह्यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ ज्यूरीला सांगितला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शासक परका आणि अनियंत्रित होता, तेव्हा ह्या अर्थाला त्याच्या दृष्टीने संगती होती. स्वतंत्र भारतात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात ते कलम वैध ठरविले. परंतु कायद्याने प्रस्थापित शासन ही एक गोष्ट आणि त्या त्या वेळी कारभार पाहणाऱ्या व्यक्ती ही दुसरी, असे सांगून हिंसेस किंवा सार्वजनिक अव्यवस्थेस प्रवृत्त न करणारी कठोर टीका त्यातून वगळली. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तिच्या कलम १५२ चा रोख सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतींवर आहे. ह्या कलमाचा अर्थ न्यायालये पुढे कसा लावतील, हा विधीचा प्रश्न आहे. पण तो समजण्यासाठी लागणारा मूळ भेद राज्यशास्त्राच्या पहिल्या काही तासिकांतच शिकवावयाचा असतो.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत केंद्रातील शासन बदलले; भारताचे करार, कर्जे, न्यायालये व सीमा त्याच राहिल्या. शासन गेले, राज्य राहिले. हे एक वाक्य ज्या विद्यार्थ्यास उदाहरणासह सांगता येते, त्याला प्रकारांची यादी नंतर शिकविली तरी चालेल. ज्याला ते सांगता येत नाही, त्याला यादी कितीही पाठ असली तरी विषयाचा आरंभ व्हावयाचाच आहे.