वीजवापर, घरगुती

दिवाबत्ती, वारा, पाणी उपसणे, अन्न टिकविणे, खोली थंड राखणे इ. कामांसाठी घरात खर्च होणारी विद्युत् ऊर्जा. ती किलोवॉट-तास या एककात मोजतात. व्यवहारात त्यास ‘युनिट’ म्हणतात. १,००० वॉट शक्तीचे उपकरण एक तास चालले म्हणजे १ युनिट वीज खर्च होते. शक्ती व कालावधी यांच्या गुणाकारावर वापर ठरत असल्याने उपकरणाच्या आकारावरून त्याचा अंदाज येत नाही. उदा., ६० वॉटचा तापदीप रोज पाच तास लावल्यास ३० दिवसांत ९ युनिट वीज लागते. जवळजवळ तितकाच प्रकाश देणाऱ्या ९ वॉटच्या एलईडी दिव्यास १.३५ युनिट पुरते. उलट १० वॉट घेणारा सेट-टॉप बॉक्स अहोरात्र चालू ठेवल्यास महिन्यास ७.२ युनिट खर्च होते.

वऱ्हाडात या वापरावर ऋतुमानाचा मोठा प्रभाव पडतो. अमरावती जिल्ह्यातील परतवाडा हे अचलपूरलगतचे गाव मेळघाटच्या पायथ्याशी वसले आहे. उन्हाळ्यात येथील दिवसाचे तापमान ४०° से.च्या वर जाते, हवा अत्यंत कोरडी असते आणि घरोघरी कूलर सुरू होतात. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून वाहताना हवा पाण्याचे बाष्पीभवन करते व स्वतः थंड होते. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सु. ०.६७ युनिटाइतकी उष्णता शोषली जाते. वीज मात्र पंखा व लहान पंप यांनाच लागते. त्यामुळे सु. २०० वॉटचा कूलर रोज दहा तास चालविल्यास महिन्यास ६० युनिट लागते. दीड टनी वातानुकूलन यंत्र पूर्ण भारावर सु. १,५०० वॉट घेते. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवणे आवश्यक असते. अन्यथा खोलीतील दमटपणा वाढून बाष्पीभवन मंदावते. याच कारणाने पावसाळ्यात कूलरचा फारसा उपयोग होत नाही.

छताचा जुना पंखा पूर्ण वेगावर सु. ७५ वॉट घेतो. रोज बारा तासांच्या हिशेबाने त्यास महिन्यास २७ युनिट, तर ३० वॉटच्या बीएलडीसी पंख्यास १०.८ युनिट लागते. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये उपकरणांच्या तारांकनाची योजना सुरू केली. छताच्या पंख्यांना ते १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले.

महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० व ३०० युनिट या पहिल्या दोन मर्यादा असून त्यांपलीकडील वापरास वरच्या टप्प्याचा दर पडतो. म्हणून उन्हाळ्यात वापर दीडपट झाल्यास बिल दीडपटीहून अधिक वाढू शकते. बिल येण्याची वाट न पाहता रोज ठराविक वेळी मीटरवरील आकडा टिपून ठेवल्यास वाढ लगेच ध्यानात येते. इतर उपकरणे बंद करून एकच चालू ठेवल्यास त्याचा स्वतंत्र वापरही अजमावता येतो.

काटकसरीबरोबर सुरक्षितताही महत्त्वाची आहे. लोखंडी कूलरमध्ये वीज उतरल्यास ओल्या जमिनीवर उभ्या व्यक्तीस प्राणघातक धक्का बसू शकतो. त्यासाठी अर्थिंग सुस्थितीत असावे आणि पाणी भरण्यापूर्वी कूलर बंद करून त्याचा प्लग काढून ठेवावा.