हरकत असल्यास पंधरा दिवसांत

कारवानी कुत्र्यांच्या पैदासकारांचे एक मंडळ आपले पंचविसावे वार्षिक प्रदर्शन जतच्या बाजूच्या माळावर भरवणार होते. त्याची निमंत्रणपत्रिका संपादकांच्या हाती पडली आणि रविवारच्या अंकात एखाद्या रुबाबदार कुत्र्याचे छायाचित्र व त्याखाली चार ओळी, एवढीच माफक अपेक्षा धरून त्यांनी मला तिकडे रवाना केले. त्या प्रदर्शनाला आता बराच काळ लोटला. छायाचित्र छापून आले, ओळीही आल्या. परंतु ज्या गोष्टीने माझे लक्ष दिवसभर धरून ठेवले होते ती चार ओळींत मावणारी नव्हती. ती होती मंडळाची नोंदवही आणि ती राखणारे एक सेवानिवृत्त तलाठी, ज्यांना सारी पंचक्रोशी नुसते अप्पा म्हणते. मंडळाचे आणि गावाचे नाव मी येथे देत नाही, कारण तशी अप्पांचीच अट होती. "नाव छापलंत की दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या दारात उभ्या ऱ्हातात," ते म्हणाले, "आन् माझ्याकडं विकायला कुत्रं न्हाई, वही हाय."

कारवानाचा अधिकृत इतिहास प्रदर्शनाच्या स्मरणिकेत छापला होता आणि अशा स्मरणिकांत असतो तितपतच तो विश्वसनीय होता. मध्य आणि पश्चिम आशियातून आलेल्या तांड्यांबरोबर सालुकीसारखे सडपातळ शिकारी कुत्रे दख्खनेत उतरले, येथील मातीत आणि उन्हात पिढ्यानपिढ्या मुरले आणि बेरड, धनगर अशा रानात वावरणाऱ्या लोकांनी ते सांभाळले, ही परंपरागत हकीकत बहुधा सत्याच्या जवळची असावी. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी हे कुत्रे आपल्या आश्रयाला घेतले आणि त्यांची एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली, हे तर त्या मुलखात पोरेसोरेही सांगतात. मात्र काही लिखाणात या नजराण्याचे जे १९३७ साल दिलेले आढळते ते टिकणारे नाही, कारण पंचम जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच निवर्तले होते. पुढे मेजर सोमण यांनी १९६३ साली हिंदुस्थानी कुत्र्यांवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. २००५ साली टपालखात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली त्यांत मुधोळचा कुत्रा होता, मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यक विद्यापीठाचे एक केंद्र उभे राहिले आणि लष्करानेही २०१६ च्या सुमारास या जातीची पिल्ले परीक्षेसाठी मेरठला नेली. एक अखिल भारतीय संस्था या कुत्र्याला कॅरव्हान हाउंड म्हणून दाखला देते, दुसरी मुधोळ हाउंड म्हणून. त्या वादात पडून पदरात काही पडत नाही, म्हणून आपण सरळ माळावर जाऊ.

माळावर चुन्याच्या फक्कीने एक चौकोनी रिंगण आखलेले होते, एका कडेला मांडव होता आणि बाभळींच्या विरळ सावल्यांत कुत्रे आपापल्या धन्यांसह उभे होते. कारवान प्रथमदर्शनी उपाशी वाटतो. खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या वर उंची, लांबट निमुळते मुख, खोल छाती आणि तिच्यामागे एकदम आत खेचलेले पोट, तीन बरगड्या सहज मोजता याव्यात इतके कमी मांस; शहरातला कनवाळू माणूस त्याला पाहताच बिस्किटाचा पुडा शोधू लागतो. वस्तुतः ही सारी घडण वेगासाठी आहे. खोल छातीत मोठे हृदय आणि फुप्फुसे मावतात, कण्याची कमान धनुष्यासारखी वाकते व सुटते आणि पूर्ण वेगात धावताना प्रत्येक झेपेत दोनदा, एकदा शरीर आखडलेले असताना व एकदा पुरते ताणलेले असताना, चारही पाय भुईवरून सुटतात. घोड्याच्या चौखूर दौडीत असा क्षण एकदाच येतो. सावज हा कुत्रा वासावर शोधत नाही. डोळ्यांनी टिपतो आणि एकदा टिपले की धन्याची हाक त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही.

आणि नेमके हेच रिंगणात दिसत नाही. परीक्षकांपुढे कुत्र्याला आधी स्तब्ध उभे करतात, मग त्याचे दात, डोळे, छाती, पायांचे कोन हाताने चाचपून पाहतात आणि मग दुडक्या चालीने दोन-तीन फेऱ्या मारवतात. भरधाव सोडण्याइतकी जागा जगातल्या कोणत्याही प्रदर्शनाच्या रिंगणात नसते. त्यात कारवानाला परक्याचा हात मुळीच खपत नाही. दातांची परीक्षा करू पाहणाऱ्या गृहस्थांना त्या दिवशी निम्म्या उमेदवारांनी मान फिरवून नकार दिला, एका बदामी रंगाच्या कुत्रीने तर पट्ट्यातून डोके काढून मांडवाखालून थेट ज्वारीच्या रानाची वाट धरली. आणि दिवसभरात त्या जातीचा खरा गुण जर कोठे प्रकट झाला असेल तर तो त्या पळण्यात, ज्याला अर्थातच गुण मिळाले नाहीत.

अप्पा या गडबडीत कोठेच नव्हते. मांडवाच्या टोकाला एका पत्र्याच्या पेटीशेजारी सतरंजी टाकून ते बसले होते आणि पेटीत लाल फडक्यात बांधलेले मंडळाचे दप्तर होते. नोकरीत असताना ज्या शिस्तीने त्यांनी जमिनीचे फेरफार घातले, त्याच शिस्तीने ते आता वेतांची नोंद घालतात. कुत्री भरवली की धन्याने आठ दिवसांत वर्दी द्यायची. पिल्ले झाली की संख्या, नर-मादी, रंग आणि अंगावरील खुणा लिहून पाठवायच्या. मग त्या वेताची नोटीस मंडळाच्या फलकावर लागते आणि तिच्या शेवटी "हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे" अशी ओळ असते. जमिनीच्या फेरफाराला कायद्याने जी मुदत ठरवली आहे तीच अप्पांनी कुत्र्यांना लावली. मुदतीत कोणाची तक्रार आली नाही, तर अप्पा स्वतः जाऊन पिल्लांची रुजवात घेतात आणि मगच नोंद पक्की होऊन लाल शाईचा शेरा पडतो. तक्रार आली तर ती तक्रार-नोंदवहीत जाते, दोन्ही पक्षांना बोलावणे जाते आणि सुनावणी होते. या सुनावण्यांतील जबान्या मी काही वेळ वाचत बसलो. शेजारच्या वस्तीवरील कुत्रा कुंपण ओलांडून आला होता की नाही, याविषयी चार सज्ञान साक्षीदारांनी सह्यांनिशी दिलेल्या जबान्या एखाद्या दिवाणी दाव्याला शोभण्यासारख्या होत्या.

मी हसलो तेव्हा अप्पाही हसले, पण वही त्यांनी मिटली नाही. बाप ठाऊक नसलेले कुत्रे वाईट असते का, असे मी विचारले. "कुत्रं वाईट नसतंय," ते म्हणाले. "त्येची फकस्त नोंद हुईत न्हाई." पंचवीस वर्षांत मंडळाचे अध्यक्ष बदलले, आमदारांच्या शिफारशी आल्या, एकदा तर तेव्हाच्या अध्यक्षांच्याच कुत्रीच्या वेताला हरकत आली आणि अप्पांनी ती दाखल करून घेतली. या हट्टाचे मला कौतुक वाटले, आणि खरे सांगायचे तर आजही वाटते.

परंतु त्या कौतुकाला लागूनच एक धास्ती आहे. कुत्र्यांची पहिली रीतसर प्रदर्शनी १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे भरली. तीत केवळ शिकारीला उपयोगी अशा दोन जातींचे कुत्रे होते आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून बंदुका दिल्या गेल्या, म्हणजे प्रदर्शन आणि काम यांचा धागा तेव्हा तुटलेला नव्हता. त्याच देशात बुलडॉगची गत निराळी झाली. बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला, तो बंद झाला हे योग्यच झाले. पण कुत्र्याचे काम गेले आणि पुढे १८७५ साली ज्यांनी त्याच्यासाठी मंडळ काढले त्यांच्या हाती राहिले ते त्याचे रूप. रूपाचा नियम लिहिला गेला, नोंदवही नव्या रक्ताला बंद झाली आणि पिढ्या गेल्या तसे मुख आखूड व डोके मोठे होत गेले. आज त्या जातीच्या बहुसंख्य माद्यांची प्रसूती शस्त्रक्रियेवाचून होत नाही. हे सर्व ज्यांनी केले ते त्या कुत्र्याचे वैरी नव्हते, भक्त होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला आणि पुढे सशालाही अभय दिले, आणि तेही योग्यच झाले. मात्र तेव्हापासून कारवानही बेकार झाला आहे. आता तो कशासाठी पैदा करायचा, हा प्रश्न मंडळाच्या घटनेत कोठेही लिहिलेला नाही.

दिवस कलू लागला तशी बोलणी अडचणींवर आली आणि अडचणींनी सगळी सतरंजी व्यापली. पहिली अडचण वहीतच होती. मंडळाच्या पहिल्या प्रदर्शनात अव्वल ठरलेला एक कुत्रा पुढे इतक्या जणांनी आपल्या माद्यांना लावला, की आजच्या बहुतेक वंशावळींत तो आईकडूनही येतो आणि बापाकडूनही. वही जितकी कडक, तितका रक्ताचा साठा लहान. आणि साठा लहान झाला की पिल्ले कमी होणे, दुबळी निघणे, हे दोष हळूहळू डोके वर काढतात. अप्पांना हे पुस्तकातून समजलेले नाही, वेतांचे आकडे उतरवता उतरवता समजले आहे. त्यावर तोडगा म्हणून त्यांनी एक कच्ची वही काढली. दूरच्या वस्त्यांवर, कोणाच्याही यादीत नसलेले परंतु घडणीने अस्सल दिसणारे कुत्रे परीक्षकांनी पाहून कच्च्या वहीत घ्यायचे आणि त्यांची संतती तीन पिढ्या जातीला धरून निघाली तर चौथी पक्क्या वहीत चढवायची. योजना शहाणपणाची आहे. पण ज्यांच्याकडे पक्क्या नोंदीचे कुत्रे आहेत त्यांना त्यात आपल्या मालाचा भाव उतरताना दिसतो, आणि सभेत दरवर्षी ती कच्ची वहीच रद्द करण्याचा ठराव येतो.

दुसरी अडचण ग्रेहाउंडची. जत्रांतून होणाऱ्या शर्यतींत जिंकणाऱ्या कुत्र्याला मोठी किंमत येते आणि सपाट मैदानावरील थोड्या अंतरात विलायती ग्रेहाउंडचे रक्त निश्चित सरस ठरते. त्यामुळे त्याचा संकर राजरोस होतो आणि दाखला मात्र कारवानाचा मागितला जातो. असा संकरित कुत्रा उन्हाच्या तडाख्यात काट्याकुट्यांच्या रानातून कारवानाइतका टिकत नाही, असे जुने लोक सांगतात. पण जत्रेतली शर्यत संपायला अर्धा मिनिटही लागत नाही, तिथे टिकण्याची परीक्षा कोण घेणार?

तिसरी अडचण लौकिकाची. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात मुधोळच्या कुत्र्याचे नाव घेतले. त्यानंतर शहरांतून मागणी आली, ती ज्यांच्या घरी फार तर दिवाणखान्याएवढी मोकळी जागा आहे अशा लोकांची. बांधून ठेवलेला कारवान भिंती ओरबाडतो, सुटला तर वाहनांच्या मध्ये धावतो आणि वर्षभरात त्यातला एखादा परत येतो किंवा येतच नाही. शिवाय गुंगीची काही औषधे या घडणीच्या कुत्र्यांच्या शरीरात बराच काळ रेंगाळतात. हे ठाऊक असलेला पशुवैद्य प्रत्येक गल्लीत सापडतोच असे नाही. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७ च्या नियमांनी पैदासकाराला सरकारदरबारी नोंदणी सक्तीची केली आहे, मादीच्या वयाची आणि वेतांच्या संख्येची मर्यादा घातली आहे. अप्पांचे या नियमांशी काही भांडण नाही. ते मोडणाऱ्यांची नावे त्यांच्या दप्तरात आधीपासूनच आहेत, फक्त ती कोणी मागायला आलेले नाही.

चौथी अडचण स्वतः अप्पा. त्यांचे वय झाले आहे, डोळ्यांना चाळिशीचा जाड चष्मा आहे आणि वही पुढे कोणी चालवायची हे ठरलेले नाही. संगणकावर नोंदी घेण्यास तयार असलेला एक तरुण त्यांना मिळाला होता, परंतु हरकतीची मुदत पंधरावरून तीन दिवसांवर आणावी, अशी सूचना त्याने पहिल्याच आठवड्यात केली.

मी निघालो तेव्हा एका वेताची सुनावणी चालू व्हायची होती. बाप कारवान नसून संकर आहे, अशी हरकत शेजारच्या गावाने घेतली होती, धन्याला ती मान्य नव्हती, आणि रक्ताची तपासणी करायची तर तिचा खर्च कोणी सोसायचा यावर दोन्ही पक्ष अडून बसले होते. नंतर पत्र घालून चौकशी केली तेव्हा कळले की सुनावणी तहकूब झाली आहे. ती सात पिल्ले तूर्त कच्च्या वहीत आहेत आणि त्यांपैकी चार मंडळाच्या जुन्या दाखल्याची नक्कल दाखवून विकली गेली आहेत.