सहा विजय, बारा पराभव आणि तरीही आत

१६ मार्च २०२५ रोजी, एका रविवारी, अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६८ संघांची नावे जाहीर झाली. त्यांत टेक्सास विद्यापीठाचे नाव होते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, या आपल्या गटात टेक्सासने १८ साखळी सामन्यांपैकी ६ जिंकले होते आणि १२ गमावले होते. ओक्लाहोमाचा हिशेबही तोच, ६ आणि १२. त्यालाही प्रवेश मिळाला. वेस्ट व्हर्जिनिया मात्र बाहेर राहिला. त्याने बिग ट्वेल्व्ह या तितक्याच नामांकित गटात २० पैकी १० सामने जिंकले होते. राज्याचे गव्हर्नर पॅट्रिक मॉरिसी यांनी पत्रकार परिषद घेऊन या निवडीच्या चौकशीची मागणी केली.

त्याच्या आदल्या वर्षी इंडियाना स्टेट या संघाने आपल्या मिझुरी व्हॅली गटात २० पैकी १७ सामने जिंकले. निवडीच्या दिवशी त्याच्या नावावर २८ विजय आणि ६ पराभव होते. राष्ट्रीय संघटनेच्या स्वतःच्या गणिती क्रमवारीत तो पहिल्या तिसांत होता. तरी त्याला घेतले नाही.

एक संघ स्वतःच्या गटात तीनांतला एकच सामना जिंकून आत जातो आणि दुसरा गटात पहिला येऊनही घरी बसतो. पहिल्या नजरेला हा उघड अन्याय वाटतो. मात्र त्यामागचे गणित उलगडत गेले की निवड समितीवरचा राग ओसरतो आणि सामन्यांचे वेळापत्रक आखणाऱ्यांकडे लक्ष जाते. या लेखात मला त्या वेळापत्रकाबद्दल बोलायचे आहे.

२०२४-२५ च्या हंगामात पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, ३६४ संघ होते. त्यांच्या जोड्या लावल्या तर ६६,०६६ होतात. प्रत्यक्षात एक संघ हंगामात साधारण ३१ सामने खेळतो, म्हणजे सगळे मिळून सामने होतात साडेपाच हजारांच्या आसपास. बहुतेक संघ एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. आणि जे सामने होतात त्यांतले निम्म्याहून जास्त आपल्याच कॉन्फरन्समधले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संघ गटाबाहेर खेळतात, डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला दारे बंद होतात, आणि मार्चपर्यंत जवळजवळ प्रत्येक गट स्वतःच्याच अंगणात खेळत राहतो.

आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी निरनिराळ्या परीक्षा मंडळांचे गुण शेजारी ठेवताना जो पेच पडतो, तोच इथे आहे. मंडळाच्या आत कोण पहिला, कोण दहावा हे गुणपत्रिका सांगते. एका मंडळातले ८५ टक्के दुसऱ्यातल्या ९२ टक्क्यांहून भारी आहेत का, हे कळायला दोन्हीकडच्या मुलांनी दिलेली एखादी तरी सामाईक परीक्षा लागते. कॉलेज बास्केटबॉलमध्ये ती सामाईक परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते आणि निकाल लागतो मार्चमध्ये.

कॉन्फरन्समधल्या सामन्यांची अंकगणिती मर्यादा साधी आहे. एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराभव. गट कितीही बलाढ्य असो वा दुबळा, त्याच्या आतल्या सगळ्या सामन्यांची बेरीज करा, विजयांचे प्रमाण ५० टक्केच येणार. जानेवारी आणि फेब्रुवारीत देशभर हजारो सामने होतात, त्यांतून गटाच्या आतला क्रम घासून-पुसून स्पष्ट होत जातो. पण एक अख्खा गट दुसऱ्या अख्ख्या गटाच्या वर आहे की खाली, याबद्दल त्यांतून एका अक्षराचीही नवी माहिती मिळत नाही. मापाची पट्टी डिसेंबरातच गोठलेली असते.

पूर्वी हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता, कारण तुलना टाळलेली होती. १९७४ पर्यंत एका कॉन्फरन्समधून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाई. या नियमाची किंमत १९७४ च्या मार्चमध्ये मेरिलंडने मोजली. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तो नॉर्थ कॅरोलिना स्टेटशी जादा वेळेत १०३-१०० असा हरला. प्रशिक्षक लेफ्टी ड्रीसेल यांचा तो संघ असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत देशात चौथा होता, आणि त्याला राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद झाले. ज्यांच्याकडून तो हरला त्या नॉर्थ कॅरोलिना स्टेटने पुढे सलग सात वर्षांच्या विजेत्या यूसीएलएला उपांत्य सामन्यात हरवून विजेतेपद मिळवले. म्हणजे देशातल्या सर्वोत्तम संघाला जादा वेळेपर्यंत झुंजवणारा संघ बाहेर होता. पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका गटातून एकाहून अधिक संघ घेण्याची मुभा मिळाली. ती योग्यच होती. पण त्या क्षणापासून एका गटातला दुसरा किंवा पाचवा संघ दुसऱ्या गटातल्या पहिल्यापेक्षा सरस आहे का, हे ठरवणे समितीला भाग पडले.

त्यासाठी १९८१ मध्ये आरपीआय नावाचे सूत्र आले. संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला ५० टक्के, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले २५ टक्के. हे सूत्र गटांच्या बाबतीत काय करते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. दहा संघांचा गट आहे. प्रत्येकाने बाहेरचे १२ सामने खेळून १० जिंकले. नंतर प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळला, म्हणजे आतले १८ सामने. गटाचा एकूण हिशेब होतो १९० विजय आणि ११० पराभव, ६३ टक्क्यांहून थोडे जास्त. शेजारच्या गटाने बाहेरचे सामने सहा-सहा असे वाटून घेतले असतील तर त्याचा आकडा ५० टक्के. जानेवारीनंतर पहिल्या गटातला संघ ज्याच्याशी खेळेल तो कागदावर ६३ टक्केवाला, दुसऱ्यातला ज्याच्याशी खेळेल तो ५० टक्केवाला. सूत्रातले निम्मे वजन या फरकावरच असल्याने पहिल्या गटातला मधला संघ हरत-जिंकत राहूनही वर तरंगतो.

आरपीआय २०१८ पर्यंत टिकला. मधल्या काळात, २००४-०५ पासून, परक्या मैदानावरचा विजय १.४ आणि घरचा ०.६ मानण्याची सुधारणा झाली. पण गुणांतराचा विचार त्यात कधीच नव्हता. ती उणीव बाहेरच्या लोकांनी भरून काढली. त्यांतले सर्वांत परिचित नाव केन पोमरॉय. हे गृहस्थ पूर्वी पेशाने हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पद्धतीचा पाया असा: संघ सामन्यात किती गुण करतो यापेक्षा चेंडूचा ताबा शंभर वेळा मिळाला तर किती गुण करतो आणि किती देतो हे मोजायचे, आणि प्रतिस्पर्धी किती भक्कम होता त्यानुसार तो आकडा दुरुस्त करायचा. संथ खेळणारा संघ ६० गुण करून उत्कृष्ट असू शकतो, धावता संघ ८० करूनही सामान्य. २०१८-१९ पासून राष्ट्रीय संघटनेने आरपीआयच्या जागी ‘नेट’ हे मापन आणले, तेही २०२० नंतर प्रामुख्याने याच विचारावर उभे आहे.

ही प्रगती खरी आहे आणि मला तिचे मनापासून कौतुक वाटते. दर सोमवारी येणाऱ्या पत्रकारांच्या यादीत हरलेला खाली आणि जिंकलेला वर सरकतो. चांगल्या संघाकडून त्याच्या मैदानावर दोन गुणांनी हरणे हीसुद्धा शाबासकीची गोष्ट असू शकते, हे गणित जास्त नीट ओळखते. तरी मूळ अडचण तशीच राहते. ‘प्रतिस्पर्धी किती भक्कम’ ही दुरुस्ती गटाच्या आत फिरत राहते, आणि फिरत फिरत शेवटी नोव्हेंबर-डिसेंबरच्या त्या थोड्या धाग्यांनाच येऊन टेकते.

टेक्सासच्या प्रवेशाचे उत्तर तिथे आहे. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एसईसीच्या १६ संघांनी गटाबाहेरचे १८५ सामने जिंकले आणि फक्त २३ गमावले. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सशी झालेल्या १६ सामन्यांत १४-२ असा फडशा पाडला. त्यानंतर या गटात ६-१२ म्हणजे काय, हे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. त्या वर्षी एसईसीचे १४ संघ स्पर्धेत गेले. आधीचा उच्चांक बिग ईस्टच्या ११ संघांचा, २०११ चा. चौदांपैकी सात शेवटच्या सोळांत पोहोचले, फ्लोरिडा आणि ऑबर्न शेवटच्या चारांत, आणि फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून विजेतेपद मिळवले. डिसेंबरची पट्टी त्या वर्षी बरोबर निघाली.

दरवर्षी ती इतकी बरोबर निघते असे मात्र नाही. २०११ च्या बिग ईस्टच्या त्या अकरांपैकी दोघेच शेवटच्या सोळांत गेले. त्यांतला एक होता कनेक्टिकट, गटात ९-९ असा अर्ध्यावर अडकलेला. केम्बा वॉकरच्या या संघाने गटाच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि मग राष्ट्रीय विजेतेपदही घेतले. अंतिम सामन्यात समोर होता छोट्या होरायझन लीगमधला बटलर. एकाच वर्षी एका गटाबद्दलचा अंदाज फुगलेलाही निघाला आणि त्याच गटातला मधला संघ देशात पहिलाही ठरला.

गोठलेल्या पट्टीवर माझा मुख्य आक्षेप काळाचा आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुले नोव्हेंबरात खेळतात तशी फेब्रुवारीत खेळत नाहीत. कुणाचा गुडघा जातो, कुणी बाकावरून उठून संघाचा कणा बनतो. त्यात आता खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळता येते, त्यामुळे कित्येक संघ दर हंगामात जवळजवळ नव्याने जुळतात. नोव्हेंबरात या मुलांना एकमेकांची चाल कळायची असते. नेमक्या त्या अनोळखी आठवड्यांतल्या निकालांवर गटांची किंमत ठरते.

सर्वांत मोठी झळ छोट्या गटांना लागते. ‘नेट’बरोबर सामन्यांचे चार वर्ग पाडले जातात. घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधला प्रतिस्पर्धी असेल तर तो सामना पहिल्या वर्गातला. मोठ्या गटातल्या संघाला असे सामने जानेवारीपासून आठवड्यागणिक आपोआप मिळतात. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाला असे तेरा मिळाले, त्यांतला एकच जिंकूनही तो स्पर्धेत गेला. इंडियाना स्टेटसारख्याला ते गटात फारसे मिळत नाहीत. बाहेर शोधावे लागतात, आणि मोठी विद्यापीठे छोट्यांच्या गावी जात नाहीत. पैसे देऊन त्यांना आपल्याकडे बोलावतात. २०२३-२४ च्या हंगामात इंडियाना स्टेट अलाबामाकडे गेला, मिशिगन स्टेटकडे गेला, दोन्हीकडे हरला. त्यानंतर आपली पत सिद्ध करायला त्याच्या हातात फारसे काही उरले नाही. गटाच्या स्पर्धेतल्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो, पण तिच्या अंतिम सामन्यात तो ड्रेककडून ८४-८० असा हरला आणि विषय संपला. २००६ मध्ये मिझुरी स्टेट आरपीआयमध्ये २१ वा असून बाहेर राहिला होता. तोही तेव्हा याच मिझुरी व्हॅलीचा होता.

ड्रेकने २०२४-२५ मध्ये याच गटाचे मोल दाखवून दिले. नवे प्रशिक्षक बेन मॅकॉलम दुसऱ्या श्रेणीतल्या नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटहून आले होते, आपले काही खेळाडू बरोबर घेऊन. या संघाने हंगामाच्या सुरुवातीला एसईसीच्या व्हँडरबिल्टला हरवले, ३० विजय मिळवले, आणि मार्चमध्ये अकरावे मानांकन असताना एसईसीच्याच मिझुरीला ६७-५७ असे घरी पाठवले.

मोठ्या गटांच्या आतला तक्तासुद्धा आता पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. बिग ट्वेल्व्हमध्ये दहा संघ होते तेव्हा प्रत्येकजण प्रत्येकाशी घरी एकदा आणि परक्या मैदानावर एकदा खेळे. आज बिग टेन या मोठ्या गटात १८ संघ आहेत आणि सामने २०. म्हणजे तिघांशी दोनदा, चौदांशी एकदाच. ते तीन कोण, आणि बलाढ्य संघ आपल्या गावी येणार की आपण त्यांच्याकडे जाणार, यावर दोन-तीन विजयांचा फरक सहज पडतो.

यावर उपाय होता, आणि तो वापरूनही झाला होता. २००३ पासून २०१३ पर्यंत ईएसपीएन वाहिनी फेब्रुवारीत ‘ब्रॅकेटबस्टर्स’ नावाने छोट्या गटांतल्या संघांचे एकमेकांशी सामने ठरवत असे. २००६ मध्ये जॉर्ज मेसन हा संघ त्यासाठी विचिता स्टेटच्या मैदानावर गेला आणि जिंकून आला. समितीने त्याला घेतले तेव्हा टीव्हीवरून समालोचकांनी नाराजी व्यक्त केली. जॉर्ज मेसनने मिशिगन स्टेट, नॉर्थ कॅरोलिना, पुन्हा विचिता स्टेट आणि मग कनेक्टिकटला हरवून शेवटच्या चारांत धडक मारली. फेब्रुवारीतल्या त्या एका सामन्याने जे सांगितले होते ते गटातले पंधरा-वीस सामने सांगू शकले नसते. मोठ्या गटांतही २०१६ ते २०२३ या काळात जानेवारीच्या अखेरीस एक शनिवार बिग ट्वेल्व्ह विरुद्ध एसईसी असा राखलेला असे. तोही बंद झाला. एसईसीची जोडी आता अटलांटिक कोस्टशी आहे, आणि ते सामने हंगामाच्या सुरुवातीला उरकतात.

ऐन हंगामातला असा पूल आज मिड-अमेरिकन आणि सन बेल्ट या दोन गटांनी बांधून ठेवला आहे. त्यांचे संघ नोव्हेंबरात एकदा आणि फेब्रुवारीत पुन्हा एकदा एकमेकांशी खेळतात. दोन्ही गट छोटे, त्यांच्याकडे प्रसारणाचा मोठा पैसा नाही, तरी त्यांना हे जमते. मोठ्या गटांची हरकत मला माहीत आहे: वीस सामन्यांचे वेळापत्रक, वाहिन्यांशी केलेले करार, सिअॅटलहून न्यू जर्सीपर्यंतचे प्रवास, आणि जानेवारीत घरच्या मैदानावर एखाद्या छोट्या संघाकडून हरण्याची भीती. पहिल्या तीन हरकती वीसऐवजी अठरा साखळी सामने ठेवले तर बऱ्याच हलक्या होतात; एसईसी आजही अठराच खेळते. चौथी हरकत मान्य करण्याचे कारण मला दिसत नाही. जानेवारीचा शेवटचा आणि फेब्रुवारीचा दुसरा शनिवार सर्व ३१ गटांनी मोकळा ठेवावा, त्या आठवड्यातल्या क्रमवारीनुसार शेजारच्या क्रमांकांवरचे पण वेगवेगळ्या गटांतले संघ समोरासमोर आणावेत, आणि घरचे मैदान कुणाचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे. दोन शनिवारांत साडेतीनशेहून अधिक नवे धागे तयार होतील, आणि ज्या ३७ जागा समितीला निवडीने भरायच्या असतात त्यांच्यासाठी तिच्या हातात त्याच हिवाळ्यातला पुरावा असेल.