गावचा पंच आणि न्यायसहायक विज्ञान

गावात चोरी झाली किंवा विहिरीत प्रेत आढळले, की पंच म्हणून प्रथम आठवण होते ती गुरुजींची. म्हणून पंचनाम्यामागील शास्त्राची थोडी ओळख शिक्षकबंधुभगिनींनी करून घेणे अगत्याचे आहे.

या शास्त्राचा एक मोठा अध्याय आपल्याच देशात लिहिला गेला. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाच्या करारावर राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की त्याने पुढे करार नाकारू नये. 1897 साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. तिचा गणिती भार वाहणारे अझीझुल हक व हेमचंद्र बोस मात्र दीर्घकाळ पडद्याआड राहिले. आपण ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द हेटाळणीने वापरतो. परंतु सही गिरवता येते, अंगठ्याच्या रेषा दुसऱ्याच्या बोटावर सापडत नाहीत. सावकाराकडे अंगठा उठवणारा फसतो तो ठशामुळे नव्हे, तर वरचा मजकूर वाचता न आल्यामुळे.

मुंबईची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा 1958 मधील. ठाण्यास टेंभी नाक्याजवळच्या विठ्ठल सायन्ना रुग्णालयात वर्षानुवर्षे शवविच्छेदने होत आली. विषाचा संशय असल्यास व्हिसेरा मोहोरबंद करून रासायनिक परीक्षणास धाडावा लागतो. पण रसायनशास्त्रालाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर 1956 मध्ये पुण्याचे डॉ. अनंत चिंतामण लागू आपल्या परिचयातील एका विधवा बाईंना रात्रीच्या गाडीने मुंबईस घेऊन निघाले. कल्याण, ठाणे मागे टाकून गाडी मुंबईस पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. रुग्णालयात त्यांचे नाव खोटे सांगण्यात आले व त्याच दिवशी त्या वारल्या. शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी. परीक्षणात विष आढळले नाही. तरीही डॉक्टरांचे खोटे बोलणे, बनावट कागद, बाईंची मालमत्ता बळकावणे ही सारी साखळी जुळवून सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली फाशी कायम केली. परिस्थितिजन्य पुराव्याचा हा खटला आजही वकील आधारास घेतात.

1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी यावयाचे आहे. त्याच्या सिद्धतेसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत अवधी आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर तो पोचेपर्यंत जागा गावकऱ्यांच्याच हाती असते. अशा वेळी गर्दी दूर ठेवावी, रक्त धुऊ देऊ नये. पायाच्या ठशावर घमेले पालथे घालावे. पाऊस आला तर तेवढ्यानेही ठसा वाचतो. रक्ताने भिजलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला तर कुजतो. तो सावलीत वाळवून कागदात बांधतात, हे काम पोलिसांचे असले तरी पंचाने पाहावे. मोहोर आपल्यासमक्ष लागली काय, वस्तूंची संख्या कागदाशी जुळते काय, हे तपासावे, आणि कोऱ्या किंवा अर्धवट लिहिलेल्या पंचनाम्यावर, कितीही घाई केली तरी, सही करू नये.