एक ते नऊ आणि परत एक

कोडोलीला काही वर्षे मी संध्याकाळी घरी मुलांची शिकवणी घेत असे. एकदा एका पोराच्या गणितावर मी लाल पेन्सिलीने काट मारली. गणित त्याचे बरोबर होते, चूक माझी होती. त्या चुकीमागे एक सतरा आकडी संख्या आहे. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे. श्रोत्यांनी जमल्यास कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

ती संख्या अशी: १२३४५६७८९८७६५४३२१. जोतिबाचा डोंगर एका अंगाने चढावा नि दुसऱ्या अंगाने उतरावा, तशी. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांत हिचा पहिला आकडा सतराव्या, 'मध्य' या स्थानी बसतो; परार्ध एकच घर पुढे.

आता ही आली कोठून? ११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१. असे करीत नऊदा एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला की आपला डोंगर तयार. कारण अगदी साधे आहे. गुणाकार मांडताना तीच ओळ नऊ वेळा लिहावयाची, दर खेपेस एक घर डावीकडे सरकवून. मग बेरीज म्हणजे काय, तर प्रत्येक रकान्यात 'एक' कितीदा आला ते मोजणे. कडेला एकदा, मग दोनदा, अगदी मध्ये नऊदा, की पुन्हा उतरण. हातचा कुठेच नाही.

मी मुलांना पुढचे गणित घातले: दहादा एक. माथ्यावर ऐटीत १० बसतील, असे मी मनाशी धरून चाललो होतो. पोराने आणले १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा आठ गायब, मध्ये दोन शून्ये! मारली काट. रात्री स्वतः मांडून पाहिले तेव्हा कान धरले. मधल्या रकान्यात दहा येतात. शून्य खाली, हातचा एक. तो पुढच्या नवात मिळवला की पुन्हा दहा, पुन्हा हातचा. तो आठात मिळतो, आठाचे नऊ होतात आणि प्रकरण मिटते. नऊ वेळा खरा ठरलेला नियम दहाव्या वेळी मोडला, तो आपण दहांत मोजतो म्हणून. बारांत मोजणाऱ्यांचा डोंगर अकरापर्यंत चढला असता.

या संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिले द. रा. कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा, मृत्यू १९८६. देवळालीला शाळामास्तरकी करीत त्यांनी आयुष्यभर आकड्यांचा नाद केला. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डेम्लो नावाच्या रेल्वे स्टेशनावर ही कल्पना सुचली, म्हणून तेच नाव. त्यांची व्याख्या खरे म्हणजे याहून ऐसपैस आहे, पण ती रेडिओवर सांगण्यासारखी नाही.

'हर्षद' हे नावही त्यांचेच. आपल्याच आकड्यांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. आपल्या डोंगरातील आकड्यांची बेरीज ८१. भागून पाहा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. हा भागाकार पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग. याच संख्येला नवाने गुणा, नऊदा एक येतो.

दुसऱ्या दिवशी मी पोराची वही मागून घेतली, काट खोडली आणि हे सारे त्याला दाखवले. तो १२३४५६७९ कडे बघत राहिला. म्हणाला, "गुरुजी, आठ इथंबी न्हाई."