तलावातील क्लोरीन : आहे किती, कामाचा किती?

परीक्षा संपल्या, की तुमच्यापैकी कित्येकांचे पाय पोहण्याच्या तलावाकडे वळतात. आमच्या इचलकरंजीकडची मागची पिढी पंचगंगेत, नाहीतर मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून पोहायला शिकली. नदीचे पाणी वाहते असते. तलावातले पाणी मात्र तेच ते, आठवडेच्या आठवडे वापरावे लागते. पोहणाऱ्यांचा घाम, तेल, थुंकी आणि त्यांबरोबर रोगजंतू त्यात उतरत असतात. मग ते स्वच्छ राहते कसे?

पहिले काम गाळण्याचे. पंपाने पाणी वाळूच्या थरांतून फिरवतात. फार बारीक कण वाळूतून निसटतात, म्हणून तुरटी घालून त्यांचे पुंजके बनवतात. पाणी नितळ होते. परंतु नितळ पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. काविळीचे विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून दुसरे काम क्लोरीनचे. आमच्या वस्त्रनगरीला क्लोरीनची ओळख कापडामुळे आहे. 1785 च्या सुमारास बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनने कापड शुभ्र करून दाखवले. पुढे 1799 मध्ये ग्लासगोच्या टेनंटने क्लोरीन आणि चुना यांपासून विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, तयार केली. पाणीपुरवठ्यातले लोक तिलाच टीसीएल म्हणतात.

थोडे गणित करू. तलाव 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. त्यात 375 घनमीटर, म्हणजे 3,75,000 लिटर पाणी मावेल. दर लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन हवा असेल, तर एकूण 375 ग्रॅम लागेल. पावडरीत उपयोगी क्लोरीन 30 टक्के धरला, तर सव्वा किलो पावडर पुरेल. प्रत्यक्षात काही क्लोरीन पाण्यातल्या मळावर खर्च होतो आणि काही कडक उन्हाने नष्ट होतो. त्यामुळे पावडर अधिक लागते.

खरी मेख

तर मग पावडर सढळ हाताने टाकली, की झाले? नाही! पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतो : हायपोक्लोरस आम्लाचा रेणू आणि हायपोक्लोराइट आयन. जंतूच्या पृष्ठभागावर सामान्यतः ऋण विद्युत्प्रभार असतो. आयनही ऋण प्रभारित, म्हणून त्याला प्रतिकर्षण होते. आम्लाच्या रेणूवर प्रभार नसतो. तो सहज आत शिरतो आणि जंतूचा नाश करतो.

कोणते रूप किती, हे पाण्याचा सामू ठरवतो. सामू 7 असताना सुमारे तीन-चतुर्थांश क्लोरीन आम्लाच्या रूपात असतो, 7.5 ला निम्मा, 8 ला एक-चतुर्थांश आणि 8.5 ला एक-दशांशाहूनही कमी.

आता दोन तलावांची तुलना करा. पहिल्यात लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन आहे, सामू 7.2. दुसऱ्यात 2 मिलिग्रॅम, पण सामू 8.2. पहिल्यात प्रभावी क्लोरीन भरतो सुमारे 0.68 मिलिग्रॅम, तर दुसऱ्यात अवघा 0.35. क्लोरीन दुप्पट, ताकद निम्मी! शिवाय विरंजक चूर्णात चुना असल्यामुळे ते टाकावे तसा सामू वाढतो. म्हणून सामू मोजून तो 7.2 ते 7.8 यांच्या दरम्यान ठेवतात. वाढला तर सौम्य आम्लाने उतरवतात, घटला तर धुण्याच्या सोड्याने चढवतात. आपल्या अश्रूंचा सामूही 7.4 च्या आसपास असतो. त्यामुळे असे पाणी डोळ्यांनाही मानवते.

वास कशाचा?

तलावाला उग्र वास आला, की आपण म्हणतो, क्लोरीन फार झाला. बहुतेक वेळा तो वास क्लोरामाइनांचा असतो. घाम आणि लघवी यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ती बनतात, डोळे चुरचुरवतात, आणि जंतूंवर मात्र फारशी चालत नाहीत. उग्र वास ही स्वच्छतेची खूण नसून पोहणाऱ्यांच्या अस्वच्छतेची आहे.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेतून फिनॉल रेड हा दर्शक मागून घ्या. तीन परीक्षानळ्यांत नळाचे पाणी घ्या. दुसरीत लिंबाचे दोन थेंब आणि तिसरीत चुन्याची निवळी घाला. प्रत्येकीत दर्शकाचे थेंब टाका. लिंबाची नळी पिवळी होईल, निवळीची लाल-गुलाबी. आता पहिलीचा रंग या दोहोंशी ताडून पाहा. तलावावरचा रखवालदारही याच रंगांवरून सामू ओळखतो.

एक इशारा : विरंजक चूर्ण आणि आम्ल कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

आणि तलावात उतरण्यापूर्वी साबण लावून स्वच्छ आंघोळ करा, लघवीला जाऊन या. जुलाब होत असतील तर घरीच थांबा, कारण काही जंतू क्लोरीनलाही लवकर दाद देत नाहीत. पाण्यात जेवढा मळ कमी जाईल, तेवढा क्लोरीन जंतूंसाठी शिल्लक राहील.