खडक आधी, मासे शेवटी

समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन १ किलो २५ ग्रॅम भरतं. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत ४५० लिटर पाणी मावतं. त्यात १२ मिलिमीटर जाड काचेचे नव्वद किलो, खडक, वाळू आणि लोखंडी स्टँड मिळवला की आकडा सातशेच्या आसपास जातो. घराची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून बांधतात आणि ही टाकी जेमतेम पाऊण चौरस मीटर जागेवर उभी राहते. डोंबिवलीत महापालिका दरवर्षी धोकादायक इमारतींची यादी काढते. अशा शहरात रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, मोठा करताना आधी इंजिनिअर गाठावा, दुकान नंतर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बीम कुठून जातात ते इंजिनिअरकडून समजून घेतलं, भिंतीलगतची जागा ठरवली, खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही सगळं दाखवलं आणि मगच काच सांगितली.

जुन्या टाकीत सव्वाशे लिटर पाणी होतं. एप्रिल-मेच्या काहिलीत ते भराभर आटतं, पण मीठ मागेच राहतं, त्यामुळे खारटपणा चढतो. तापमानही तसंच हलतं. मोठ्या टाकीचा पृष्ठभाग वाढतो, म्हणजे बाष्पीभवनही वाढतं, पण पाणी त्याहून जास्त वाढलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक बदल सावकाश होतो, आणि प्रवाळांना हाच सावकाशपणा हवा असतो.

माझ्याकडे मश्रूम, लेदर आणि झोअँथिड ही मऊ जातकुळी आहे. चुनखडीचा सांगाडा बांधणारी कठीण प्रवाळं आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही. दुकानदार काहीही म्हणो, ती घरी आणू नयेत. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं आली, तेव्हा खुद्द मुंबई महापालिकेलाही परवानगी घेऊन २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून ती दुसरीकडे हलवावी लागली. क्लाउनफिश मात्र पैदास केंद्रात वाढवता येतात. आपल्या ऐरोलीला खाडीकाठी मँग्रोव्ह फाउंडेशनची शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असा मासा घ्यावा, असं मी प्रत्येकाला सांगते.

शाळेत रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे स्थलांतराचा पुढचा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. समुद्राचं पाणी अल्कधर्मी असल्यानं तिथे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक विषारी ठरतो, म्हणून या जिवाणूंवर सगळ्यांचा जीव अवलंबून असतो. ते पाण्यात फारसे नसतात, खडकांच्या भोकाभोकांत चिकटून असतात. जुनं पाणी जपून नेलं आणि खडक उन्हात वाळू दिले, तर टाकी मेलीच म्हणायची. माझे खडक कृत्रिम सिरॅमिकचे आहेत, पण वर्षानुवर्षं पाण्यात राहून आतपर्यंत भरलेले.

नवं पाणी आदल्या दिवशीच तयार हवं. नळाला उल्हास नदीचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं. ते आरओ आणि डीआय फिल्टरमधून काढायचं आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ घालून पंपानं रात्रभर फिरवायचं. ठाण्याच्या खाडीचं पाणी आणलं तर चालेल का, असं विचारणारे भेटतात. अजिबात नको. ती खाडी गोड्या पाण्याची आणि कारखान्यांच्या सांडपाण्याची सरमिसळ आहे.

हलवायच्या दिवशी थोडं जुनं पाणी पिंपात काढायचं, त्यात हीटर आणि एअर पंप सोडायचा. मग खडक प्रवाळांसकट उचलायचे. झोअँथिडना हात लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. तो खडक कधी उकळू नये, वाफेतूनही विषबाधा होते. मासे शेवटी. पाणी उतरलं आणि लपायला खडक उरला नाही की ते जाळीत सहज येतात, पाठलाग करून दमवावे लागत नाहीत. जुनी वाळू मी टाकून दिली. तिच्या तळाशी साचलेला गाळ ढवळला की सगळा अमोनिया एकदम वर येतो. नव्या टाकीतही खडक आधी रचले, तापमान आणि खारटपणा जुळल्यावर ठिबक नळीनं हळूहळू सवय करून मासे सोडले.

पहिले काही दिवस रोज अमोनिया तपासला. दिवे मात्र मुद्दाम मंद ठेवले आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवले. प्रवाळांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं एकाएकी प्रखर उजेडात गेली तर प्रवाळ त्यांना बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. वीज गेली तर पंप इन्व्हर्टरवर चालतो.

जुनी टाकी विकली नाही. नवा मासा आता आधी काही आठवडे तिच्यात वेगळा राहतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तिथेच दिसला, तर मोठ्या टाकीतल्या प्रवाळांना धक्का न लावता औषध देता येतं.